सत्कार पुरे, संहिता द्या

बालगंधर्व पन्नाशी ओलांडून साठीकडे निघाले होते, तरी 'एकच प्याला'तली सिंधू आणि 'स्वयंवर'मधली रुक्मिणी उभ्या करत होते. अंग सुटलेलं, चेहऱ्याची ठेवण बदललेली. पुढे तर पायांनीही साथ सोडली. त्या काळातले प्रयोग पाहून हळहळणारे रसिक होते आणि डोळे मिटून नुसतं गाणं ऐकत बसणारेही होते. पण तिकीट काढणारा माणूस घरून निघतानाच एक गोष्ट मान्य करून निघायचा. आपल्यासमोर १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस उभे राहणार आहेत आणि आपण त्यांच्यात नवऱ्याच्या दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेली तरुण सिंधू पाहणार आहोत, हे त्याला ठाऊक असायचं. नटाचं वय त्याला आड येत नव्हतं आणि नट पुरुष आहे हेही आड येत नव्हतं.

माझी साठी केव्हाच मागे पडली. उभं आयुष्य नाटकात गेलं. आधी राज्य नाट्य स्पर्धा, मग व्यावसायिक रंगभूमी, मधे घर चालावं म्हणून मालिका, पुन्हा नाटक. आज माझ्या वयाच्या बाईला नायिका तर सोडाच, स्वतःचं नाव असलेलं पात्र मिळायची मारामार आहे. नव्या संहितेचं पहिलं पान उघडावं तर पात्रांच्या यादीत माझ्या वाट्याला 'आई', 'आजी', फार तर 'सासूबाई'. त्याच यादीत माझ्या वयाच्या पुरुषाला नाव असतं, आडनाव असतं, व्यवसाय असतो, एखादं व्यसनसुद्धा असतं. मला फक्त नातं असतं.

म्हणून हा प्रश्न जाहीरपणे विचारायचा आहे. जी रंगभूमी साठीकडे झुकलेल्या पुरुषाला तरुण स्त्री म्हणून स्वीकारू शकली, तिला साठीची स्त्री ही साठीची स्त्री म्हणून मंचाच्या मध्यभागी का चालत नाही?

"चेहरा आता चालत नाही" हे उत्तर मी वेगवेगळ्या सभ्य शब्दांत ऐकलं आहे. या उत्तराला आपल्या रंगभूमीच्या इतिहासातच आधार नाही. मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ सालच्या सांगलीतल्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजतो. विष्णुदास भाव्यांच्या त्या सीतेपासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं, प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या रंगभूमीवरची बाई हा बहुतेक वेळा पुरुषच होता. बायका कुठेच नव्हत्या असं नाही. तमाशाच्या फडात त्या होत्या, केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या. घरंदाज समाज त्यांचं गाणं ऐकायचा आणि त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचा. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं, ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक त्यात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे सुशिक्षित घरातल्या बाईनं बाईची भूमिका करण्याचा रस्ता मोकळा होऊ लागला.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आपल्या रंगमंचावरचं स्त्रीचं रूप हे कुणाला जन्मानं मिळालेलं नव्हतंच, ते घडवलेलं होतं. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ. डोक्यावरचा टोप, पदराची ठेवण, मान वळवायची तऱ्हा, नजर किती वेळ खाली ठेवायची आणि नेमकी कोणत्या शब्दावर उचलायची याचा हिशेब. पुण्यामुंबईच्या बायका एका पुरुषाकडे पाहून नेसणं आणि गजरा माळणं शिकल्या, ही काही गंमत म्हणून सांगायची आठवण नाही. रंगमंचावरचं सौंदर्य हे कसब आहे, हे आपल्या आज्यांना पुरतं कळलेलं होतं.

कॅमेऱ्याचं वेगळं आहे. तो नाकाशी येऊन बसतो, त्याला त्वचा दिसते. नाटकात पहिली रांगसुद्धा हातभराहून लांब असते आणि शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीतून माझ्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या कुणालाही दिसत नाहीत. तिथून दिसतं माझं उभं राहणं, चालणं, बसल्या जागेवरून उठताना घेतलेला वेळ. तिथपर्यंत पोचतो तो आवाज. वय लपवायला आणि वय दाखवायला इतकी मोकळीक देणारी दुसरी कला नाही. तरीही चेहऱ्याचं वय मोजायची सवय नाटकवाल्यांनी छोट्या पडद्याकडून उसनी आणली आहे. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण आपल्याकडे जे होतं ते टाकून आपण दुसऱ्याची अडचण घरात आणली.

मी तरुणपणी देखणी होते. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्या रूपानं मला कामं मिळवून दिली आणि त्या रूपाचा मला आनंदही होता. रंगपटात आरशासमोर बसून शेवटची टिकली लावताना स्वतःकडे बघून सुखावणं, विंगेत उभं असताना नव्या साडीचा कोरा वास येणं, एंट्रीला प्रेक्षागृहात उठलेली हलकी कुजबुज. हे सगळं खरं होतं. रूप म्हणजे माया, नाशवंत, असं प्रवचन जाहीर मुलाखतींतून करणाऱ्या समवयस्क मैत्रिणींशी माझं म्हणून जमत नाही. आपण ज्याच्यावर पोट भरलं त्याला उतारवयात नावं ठेवू नयेत.

पण ते रूप एकटीचं कधीच नव्हतं, हेही तितकंच खरं. त्यात रंगभूषाकाराच्या बोटांचा वाटा होता. चेहऱ्यावर कोणत्या बाजूनं किती उजेड टाकायचा हे जाणणाऱ्या प्रकाशयोजनाकाराचा होता. प्रयोगाआधी चुण्या काढून निऱ्या जमवून ठेवणाऱ्या कपडेपटातल्या दादांचा होता, आणि माझ्या सौंदर्याचं कौतुक करणारी वाक्यं समोरच्या पात्राच्या तोंडी घालणाऱ्या लेखकाचा तर फारच मोठा होता. प्रेक्षकाला आधी कानानं सांगितलं जातं की ही बाई सुंदर आहे, मग ती त्याला दिसते. इतक्या जणांनी मिळून उभं केलेलं रूप माझ्या नावावर जमा होत गेलं. ओसरलं तेव्हा मात्र तोटा माझ्या एकटीच्या खात्यावर पडला. प्रकाशयोजनाकार तेच आहेत, उलट आता त्यांच्याकडे पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले दिवे आहेत. लेखकानं तेवढं माझ्याबद्दल लिहिणं थांबवलं.

प्रसिद्धीचं सुद्धा असंच आहे. लोकांनी प्रेम दिलं, भरभरून दिलं, त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं होईल. पण नटीवरचं प्रेम एका वयावर थांबतं. लग्नाकार्यात, औषधाच्या दुकानात, रेल्वेच्या डब्यात कुणीतरी हात धरून म्हणतं, "तुम्ही अजून अगदी तशाच दिसता हो!" प्रेमानं म्हणतात, मी प्रेमानं हसते. मधल्या काळात मी केलेलं काम मात्र त्या वाक्यात कुठेच नसतं. त्यांना हवी असते त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली मी, म्हणजे खरं तर त्या दिवसांतले ते स्वतः. आणि तशी दिसले नाही की मागून येणारं दुसरं वाक्यही कानावर पडतं: "काय होत्या आणि काय झाल्या." समोरच्या माणसाचे स्वतःचे केस तोवर पूर्ण पांढरे झालेले असतात.

भक्ती बर्वे आजही 'फुलराणी' म्हणूनच ओळखल्या जातात. १९७५च्या जानेवारीत 'ती फुलराणी' रंगमंचावर आलं आणि त्यातल्या मंजुळाच्या भूमिकेनं त्यांना असं काही पकडलं की नंतर केलेलं सगळं त्या एका नावामागे गेलं. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या भक्तीताई आठवाव्या लागतात. 'जाने भी दो यारो'मधली ती थंड डोक्याची संपादक शोभा त्यांनीच केली होती, हेसुद्धा काही जणांना सांगावं लागतं. २००१च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात त्या गेल्या. वय बावन्न. गेलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो की अजून किती काय केलं असतं. मला त्यापुढचा प्रश्न छळतो. त्या सत्तरीच्या झाल्या असत्या तर त्या ताकदीच्या नटीपुढे ठेवायला आपल्याकडे कोणतं नाटक होतं? मी यादी करून पाहिली आहे. फार लवकर संपते.

उलट पुरुषांची यादी पाहा. २३ डिसेंबर १९७० रोजी दि गोवा हिंदू असोसिएशननं 'नटसम्राट' आणलं. म्हाताऱ्या नटावरचं, त्याच्या कीर्तीवर आणि तिच्या ओसरण्यावरचं, मुलांच्या दारात उपरं होण्यावरचं हे नाटक मराठी माणसाच्या घराघरात गेलं. शिरवाडकरांच्या त्या भाषेपुढे मी आजही नतमस्तक आहे. गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा करणारे डॉ. लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या नटांनी ही भूमिका करायचं स्वप्न पाहिलं, सिनेमाही झाला. मराठीतल्या कोणत्याही नटाला विचारा, म्हातारपणी काय करायचंय? त्याच्याकडे उत्तर तयार असतं. म्हाताऱ्या लेखकाला एलकुंचवारांनी 'आत्मकथा' हे नाटक दिलं. आणि बेलवलकरांच्या घरात बाई आहे ती कावेरी, त्यांची 'सरकार'. पहिल्या संचात शांता जोगांनी केलेली. शहाणी, पुढचं ओळखणारी, सोसणारी; आणि नवऱ्याच्या शोकांतिकेला आणखी खोल करून मधेच निघून जाणारी. म्हाताऱ्या नटीचा गणपतराव आपल्याकडे कुणी लिहिला नाही. ज्या बाईला रंगमंचानं डोक्यावर घेतलं, जिच्या चपलांची आणि अंबाड्याची नक्कल शहरानं केली, जिला नंतर 'तब्येत सांभाळा हं' म्हणून सोडून दिलं, तिचं स्वगत अजून कुणाच्या कागदावर उतरलेलं नाही.

यावर मला 'संध्याछाया'चं नाव सांगितलं जातं. जरूर सांगावं, जयवंत दळवींनी त्यातली म्हातारी नानी मनापासून लिहिली होती. पण ती नानी विजयाबाई मेहतांनी अजरामर केली तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या. रोहिणी हट्टंगडींनी पडद्यावर कस्तुरबा अगदी म्हातारपणापर्यंत नेल्या त्या तिशीत. हा त्यांच्या कलेचा मोठेपणा आहे आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. वय ही अभिनयाची गोष्ट आहे, जन्मतारखेची नाही, हेच त्यातून सिद्ध होतं. फक्त हे दार एकाच बाजूनं उघडतं. तरुण बाई म्हातारी करू शकते, त्याचं कौतुक होतं, तिला पारितोषिक मिळतं. म्हातारी झालेली नटी तरुण करायला गेली तर हसं होतं, आणि म्हातारी करायला गेली तर कळतं की ती भूमिका केस पांढरे रंगवून एका पस्तिशीतल्या मुलीला आधीच दिलेली आहे. साठीचा नायक आणि त्याच्या समोर चाळिशीतली नायिका ही जोडी तर आपल्याला इतकी सवयीची झालीय की जाहिरात पाहताना कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही.

आता वय वाढल्यावर नटीच्या शरीराचं काय होतं ते सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीत, ऐन प्रयोगात, नऊवारी, टोप आणि वरून दिव्यांची धग असताना अंगातून वाफ उसळते. कानशिलं तापतात, रंग वितळून मानेवर येतो, आणि समोरच्याचं वाक्य चालू असल्यामुळे घाम टिपता येत नाही. रजोनिवृत्तीची ती दोन-चार वर्षं आमच्या पिढीतल्या बहुतेकींनी कुणालाही न सांगता रंगमंचावर काढली. दिग्दर्शकांना वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. नंतर आवाज जाड होतो. गाणाऱ्या नट्यांना पट्टी खाली आणावी लागते आणि ती आणली की जुने श्रोते तोंड वाकडं करतात. गुडघे जिन्याला नाही म्हणतात. पाठांतराला पूर्वी जे एका रात्रीत व्हायचं त्याला आठवडा लागतो. पण एकदा बसलं की हलत नाही, हेही अनुभवानं सांगते.

आणि बदल्यात जे मिळतं ते मला विशीत कुणी सोन्याच्या मोलानं दिलं नसतं. तेव्हा मृत्यूची बातमी ऐकायचा प्रसंग असला की मी वाक्य संपायच्या आत हंबरडा फोडायचे. टाळ्या मिळायच्या. घरातली, नात्यातली, स्वतःची माणसं गेल्यावर कळलं की बाई आधी काहीतरी भलतंच करते. गॅसवरचं दूध उतरवते. निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाणी देते. हातातल्या कपड्याची घडी पूर्ण करते, मग दुसऱ्या कपड्याची करते, आणि तिसरा उचलायला वाकते तेव्हा वर येता येत नाही. हे आता मला करता येतं. एका एकांकिकेत केलंही. पाच मिनिटांची भूमिका होती, शब्द जवळपास नव्हतेच, आणि प्रेक्षागृहात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. थांबता येणं, ऐकता येणं, रंगमंचावर काहीही न करता उभं राहून सगळ्यांना आपल्याकडे बघायला लावणं, ही विद्या यायला नटीला तीस-चाळीस वर्षं लागतात. नेमकी ती आली की तिला ट्रे घेऊन आत जायला सांगतात. यात नटीचं नुकसान आहे, पण प्रेक्षकाचं जास्त आहे. वर्षानुवर्षं तिकीट काढून त्यानं जी नटी घडवली तिचं सर्वांत पिकलेलं काम त्याला पाहायलाच मिळत नाही.

निर्मात्यांची बाजू मला माहीत आहे. नाटक उभं करायला पैसा लागतो, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, गाडी, नेपथ्याचा टेम्पो, प्रत्येकाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन. आणि शनिवार-रविवारचे मोजके प्रयोग भरले नाहीत तर माणूस कर्जात जातो. एका भल्या निर्मात्यानं मला चहा पाजून शांतपणे सांगितलं होतं, "ताई, मालिकेतला चालू चेहरा असला की बुकिंग उघडल्या उघडल्या प्लॅन भरतो. तुमच्यासाठी लोक येतील, पण येताना विचार करून येतील." तो खोटं बोलत नव्हता. पण मी रंगमंचावरून प्रेक्षागृहाकडे पाहते तेव्हा मला दिसतात त्या बहुतेक माझ्याच वयाच्या बायका. मैत्रिणींचा गट करून आलेल्या, गजरा घातलेल्या, मध्यंतरात बटाटेवडा खाणाऱ्या, स्वतःच्या पैशानं तिकीट काढणाऱ्या. मराठी नाटक आज या बायकांच्या खांद्यावर उभं आहे आणि रंगमंचावर त्यांना स्वतःचं आयुष्य फक्त सुनेच्या नाहीतर मुलाच्या गोष्टीतलं उपकथानक म्हणून दाखवलं जातं.

२०२२मध्ये 'चारचौघी' पुन्हा आलं तेव्हा काय झालं ते आठवून पाहावं. प्रशांत दळवींचं १९९१चं नाटक, तेव्हा आई दीपा श्रीराम यांनी केली होती. नव्या संचात ती रोहिणीताईंनी केली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर. आपल्या अटींवर जगलेली, तीन मुली वाढवलेली, स्वतःच्या निर्णयाची किंमत मोजून त्याबद्दल माफी न मागणारी ती आई. प्रयोग हाउसफुल जात होते. मुक्ता बर्वेसारखी लोकप्रिय नटी त्यात होती, हे कबूल. पण आईच्या प्रसंगांना ती शांतता कुणाच्या लोकप्रियतेमुळे पडत नव्हती. मला खटकतं ते एवढंच की त्यासाठी आपल्याला तीन दशकं मागे जाऊन संहिता आणावी लागली.

नटीच्या म्हातारपणाची आपल्याला काळजी नाही असं नाही. आपली काळजी सत्काराच्या रूपानं व्यक्त होते. शाल, श्रीफळ, मानपत्र, सन्मानचिन्ह. सत्कार वाईट नव्हे, आयुष्यभराच्या कामाची दखल कुणाला नको असते? पण तो अनेकदा काम संपल्याची पावती म्हणून दिला जातो आणि पुष्कळदा उशिरा येतो. जयमालाबाई शिलेदारांना पद्मश्री मिळाली ती २०१३मध्ये, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सत्त्याऐंशी पूर्ण व्हायच्या आधी, त्या गेल्या. विठाबाई नारायणगावकरांचं तर आठवलं तरी पोटात कालवतं. गरोदरपणी नऊ महिने भरलेल्या अवस्थेत फडावर नाचलेली, बाळंत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर उभी राहिलेली ही बाई. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवलेली. २००२मध्ये ती गेली तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी मदत गोळा करावी लागली होती. नंतर सरकारनं तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्या पुरस्काराचा मान मोठा आहे, घेणाऱ्या कलावंतांची पात्रताही मोठी आहे. पण तिच्या हयातीत तिला औषधाला पैसे मिळाले असते तर त्या पुरस्काराला आणखी शोभा आली असती.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५पासून चालू आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४पासून मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झालं. ही वाढ व्हायलाच हवी होती, झाली ते चांगलं झालं. पण पाच हजारांत शहरात एका खोलीचं भाडंही भागत नाही. शिवाय कामाचे पुरावे मागितले जातात तेव्हा अडते ती बाईच. पुरुष कलावंतानं कात्रणांची फाइल सांभाळलेली असते, किंवा बायकोनं त्याच्यासाठी सांभाळलेली असते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरलेल्या फडातल्या बाईकडे कोणतं कात्रण असणार? तिचं नाव पोस्टरवर 'आणि इतर'मध्ये होतं. तिच्यासाठी गावातल्या चार जाणत्या माणसांची, फडमालकाची, वादकाची साक्ष पुरेशी मानली पाहिजे. हे करायला वेगळा पैसा लागत नाही.

इमारतींबद्दलही बोललं पाहिजे. गावोगावच्या नाट्यगृहांत रंगपट एक जिना वर नाहीतर एक जिना खाली. लिफ्ट असली तर ती प्रेक्षकांसाठी, तीही बंद. स्वच्छतागृहांचं वर्णन इथे करत नाही. त्यांच्यापायी दौऱ्यावर दिवसभर पाणी न पिणाऱ्या नट्या मी पाहिल्या आहेत आणि त्यातून लागलेली दुखणीही पाहिली आहेत. विशीतली मुलगी हे सोसून जाते. पासष्टीची बाई प्रयोगच नाकारते, आणि मग म्हटलं जातं की त्यांना आता झेपत नाही. विंगेच्या पातळीवर एक खोली, एक कमोड, एक कठडा. पालिकांनी नूतनीकरणावर कोट्यवधी खर्च करताना एवढं केलं तरी कितीतरी जणींची रंगभूमीवरची वर्षं वाढतील.

तरी माझं मुख्य मागणं पैशाचं नाही आणि कठड्याचंही नाही. मागणं नाटककारांकडे आहे, त्यातही आज पंचविशी-तिशीत असलेल्या, चांगलं लिहिणाऱ्या मुलामुलींकडे. त्यांच्या लेखनात म्हातारी बाई येते ती त्यांची स्वतःची आजी असते: प्रेमळ, लाडू वळणारी, अधूनमधून चावट बोलून हशा मिळवणारी. त्यांचा दोष नाही, त्यांनी जवळून तेवढीच पाहिली. त्यांनी आमच्यासोबत बसावं. १९०५पासून उभी असलेली आपली नाट्य परिषद, राज्याचं सांस्कृतिक खातं, स्पर्धा भरवणाऱ्या संस्था यांनी पुरस्काराच्या एका सोहळ्याचा खर्च बाजूला काढावा आणि दर वर्षी चार तरुण लेखक व चार ज्येष्ठ नट्यांना काही महिने एकत्र बसवावं, दोघांनाही मानधन देऊन. आम्ही सांगू, ते लिहितील, मोठ्यानं वाचून पाहू, चुकेल तिथे आम्ही अडवू. त्यातून दर वर्षी एक नाटक उभं राहिलं तरी दहा वर्षांत मराठी नटीला तिचं म्हातारपण रंगमंचावर मिळेल.

विषय तर रस्त्यावर पडले आहेत. कर्जात बुडालेला फड मोडायला नकार देणारी मालकीण. चाळीस वर्षं सरकारी रुग्णालयात बाळंतपणं करून निवृत्त झालेली परिचारिका, जिला एका जुन्या रात्रीबद्दल खरं सांगायचं आहे. नवरा गेल्यावर पहिल्यांदा प्रेमात पडलेली आणि मुलांच्या परवानगीची वाट न पाहणारी बाई. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कागदावर सही न करणारी, सगळा मजला जिच्यावर चिडलाय अशी पंचाहत्तरीची कुणी एक. या बायकांना नावं हवीत, आडनावं हवीत, रागलोभ हवेत, चुका हव्यात, आणि तिसऱ्या अंकात मरून जाण्याची सक्ती नको. त्या करायला आम्ही निदान दहा-बारा जणी आज महाराष्ट्रात आणि गोव्यात उभ्या आहोत. पाठांतराला आठवडा जास्त द्यावा लागेल, एवढं तालमीच्या वेळापत्रकात धरून ठेवा.